७२ टक्के पोरं लागली, मग पारावर कोण बसलंय?

सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका उपसरपंच ताईंनी विचारलंय: गावाशेजारी दोन सरकारी प्रशिक्षण केंद्रं आहेत, एक शिवणकामाचं, एक वेल्डिंगचं. वेल्डिंगवाल्यांच्या दारात '७२ टक्के प्लेसमेंट' असा फलक लागलाय. गावातली पोरं मात्र अजून पारावर मोबाइल बघत बसलेली दिसतात. मग आकडा खोटा समजायचा का? आणि अशा प्रशिक्षणानं बेकारी खरंच कमी होते का, हे ग्रामपंचायतीला तपासता येईल का?

ताई, फलकावरचा आकडा बहुधा खरा असेल. माझी पंचवीस वर्षं याच कामात गेली. आधी आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होतो, नंतर केंद्रं तपासायची आणि शिकून गेलेल्या पोरांचा माग काढायची कामं केली. धडधडीत खोटा आकडा मी फार थोड्या वेळा पाहिला. आकडा खरा असतो, पण तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर तो देत नाही.

हे ७२ येतात कुठून ते आधी बघा. समजा बॅच ३० जणांची. त्यातले आठ मधेच गळतात. कुणाचं लग्न ठरतं, कुणी ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जातो, कुणी पोलीस भरतीच्या मैदानाला लागतो. उरलेल्या २२ जणांना प्रमाणपत्र मिळतं. त्यातल्या १६ जणांच्या हातात ऑफर लेटर पडतं. १६ भागिले २२, झाले ७२ टक्के आणि काही. भाजक ३० धरला असता तर ५३ झाले असते. आणि त्या १६ पैकी तीन महिन्यांनी किती जण कंपनीच्या गेटातून आत जात होते, हे कुठल्याच फलकावर मी वाचलेलं नाही.

यात संस्थाचालक वाईट असतो असं नाही. त्याला पैसे जसे मिळतात तसा तो वागतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात संस्थेला बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर २० टक्के असे हप्ते होते. म्हणजे मुलगा कुठंही नाही लागला तरी ८० टक्के रक्कम खिशात. ग्रामीण मुलांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ ची. तिथं ७० टक्के प्लेसमेंटची अट होती आणि पगाराचा पुरावा मागायचे, त्यामुळं तिथले कागद जरा जास्त नीट असायचे. आणि कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात सरकारनं प्लेसमेंट मोजणंच बाजूला ठेवलं, उमेदवारानं आपली वाट आपण निवडावी म्हणून. परीक्षेत नापास होतोय म्हणून विषयच काढून टाकावा, तसलं हे. कॅगनं या योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांची तपासणी केली, तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. प्रशिक्षणार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य किंवा रिकामी जागा, आणि काही ठिकाणी नुसती एकाच आकड्याची ओळ. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी नोकरी लागलेले ४१ टक्क्यांच्या आसपास.

आता यादी हातात घेऊन फोन लावायला बसलं की काय होतं ते सांगतो. एका केंद्राची यादी घेऊन मी कुपवाड एमआयडीसीत चहाच्या गाड्यापाशी बसलो होतो. पहिला नंबर बंद. पुढची चार नावं, चौघांचा नंबर एकच. तो केंद्राच्या मोबिलायझरचा, म्हणजे गावोगाव फिरून पोरं गोळा करणाऱ्याचा निघाला. सहाव्या नंबरावर आई होती. म्हणाली, "रानात गेलाय. शिमग्याला आला कंपनीतनं, परत न्हाय गेला." रात्री पोराचा उलटा फोन आला. पुण्याजवळ चाकणला लागला होता. लेटरवर १३,५०० रुपये. पीएफ, ईएसआय आणि कँटीन कापून हातात ११ हजार आणि काही. सहा जणांत एक खोली, मेसचे वेगळे, एसटीनं गावाकडं एक फेरी. "सर, महिन्याकाठी दोन हजार बी ऱ्हात नव्हतं. मग घरची शेरडं काय वाईट?" तेवीस दिवस काम करून तो परत आला होता. फलकावर तो 'लागलेला' आहे.

आणि त्याचा हिशोब चुकला नव्हता. चूक झाली ती त्याच्या नाव नोंदणीच्या दिवशी. पगार किती, कापून हातात किती, खोली केवढ्याला, बारा तासांची ड्युटी म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिहार आणि झारखंडमध्ये याच ग्रामीण कौशल्य योजनेच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही बॅचना आधीच बसवून नोकरीचं खरं चित्र सांगितलं, काहींना नाही. सांगितलेल्या मुलांचं प्रशिक्षणानंतर पाच महिन्यांनी मिळालेल्या नोकरीत टिकून असण्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. खर्च जवळजवळ शून्य. तुमच्या ग्रामपंचायतीला उद्या करता येईल असं एकच काम मी सांगायचं म्हटलं, तर हे सांगेन. पुण्याला राहून आलेल्या दोन पोरांना नोंदणीच्या दिवशी बोलवा आणि त्यांना खरं बोलू द्या.

पण हे सगळं अजून 'आकडा नीट मोजला का' एवढ्यापुरतंच झालं. तुमचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. समजा १०० पोरं शिकली, त्यातली ५० खरोखर कामाला लागली आणि वर्षभर टिकली. यातली किती प्रशिक्षणामुळं लागली? प्रशिक्षण नसतं तर ती ५० घरी बसली असती का? यातच सगळं मूल्यमापन आलं, आणि इथंच मी स्वतः तोंडावर पडलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्वयंरोजगार योजनेचा अहवाल मी लिहिला. प्रशिक्षणाआधीचं महिन्याचं उत्पन्न आणि नंतरचं उत्पन्न. जवळपास दुप्पट झालेलं. सादरीकरण झालं, साहेब खूश. मागच्या खुर्चीवर तासगावकडचे एक अव्वल कारकून बसले होते, घरची द्राक्षबाग असलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, आधीचं उत्पन्न कुठल्या महिन्यात विचारलं?" जुलैमध्ये. "आणि नंतरचं?" मार्चमध्ये. पुढं ते काही बोलले नाहीत. मार्चमध्ये आपल्याकडं द्राक्षाची काढणी असते, बेदाण्याची शेडं भरलेली असतात, साखर कारखाने चालू असतात. पूर्व भागात त्या दिवसांत रिकामा हात शोधून सापडत नाही. मी हंगाम मोजला आणि त्याला प्रशिक्षणाचं नाव दिलं. नंतर लाज वाटून, अर्ज करूनही ज्यांना जागा मिळाली नव्हती अशांना शोधून फोन केले. त्यांचंही उत्पन्न वाढलेलं होतं. शिकलेल्यांइतकं नाही, पण वाढीचा मोठा वाटा त्यांच्याकडंही होताच.

हंगामाशिवाय आणखी दोन खड्डे आहेत. एक, माणूस प्रशिक्षणाला नाव कधी घालतो? पडत्या काळात. विट्यात माग बंद पडले, ठेकेदारानं कामावरून काढलं, बागेला गारपीट झाली, की मग तो केंद्राकडं वळतो. तेव्हाचं त्याचं उत्पन्न नेहमीपेक्षा खाली गेलेलं असतं आणि सहा-आठ महिन्यांत ते आपोआप वर येणारच असतं. अमेरिकेत ऑर्ले अॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये हे आकड्यांत दाखवलं. आपल्याकडं कुठलीही आजी सांगेल.

दुसरा, येणारं पोरगं कसलं असतं? जतच्या बाजूच्या एखाद्या गावातून पहाटेची एसटी पकडून मिरजेला रोज हजर होणारा मुलगा प्रशिक्षण नसतं तरी कुठंतरी चिकटलाच असता. त्याची तुलना पारावरच्याशी केली की प्रशिक्षण फार भारी दिसतं. खानापूर-आटपाडीची गलाईवाली पोरं आठवा. मामा नाही तर चुलता भाच्या-पुतण्याला केरळात, तामिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर घेऊन जातो. ना प्रमाणपत्र, ना बायोमेट्रिक हजेरी. चार-पाच वर्षांत पोरगं स्वतःचं दुकान टाकतं. उद्या कुणी विट्यात गलाईचं सरकारी केंद्र काढलं तर जवळपास सगळी पोरं लागलेली दाखवता येतील. मामा तर आधीपासूनच होता!

मग यातून वाट काय? जगभर जी मान्य झाली ती आपल्याला चांगली ओळखीची आहे: सोडत. सरपंचपदाच्या आरक्षणाला लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी काढतात ना, तशी. जागा ३०, अर्ज ७०. पात्र असलेल्या सत्तरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ३० काढायच्या. उरलेली ४० पोरंही तितकीच धडपडी, तितकीच गरजू, त्याच हंगामातली. वर्षानं दोन्ही याद्यांना फोन करायचे. दोन्हींत जो फरक दिसेल तो प्रशिक्षणाचा. रॉबर्ट लालाँड या अर्थतज्ज्ञानं १९८६ मध्ये सोडतीचं उत्तर आणि सोडत नसताना गणितानं काढलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर गणितवाले कुठल्या कुठं भरकटले होते. तेव्हापासून या धंद्यातली शहाणी माणसं आधी 'सोडत होती का' असं विचारतात.

सोडतीनं तपासलेल्या प्रशिक्षणांचा निकाल ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतले असे अभ्यास एकत्र केले. शंभर जणांना शिकवलं तर प्रशिक्षणामुळं जास्तीची नोकरी लागली सरासरी दोन-तीन जणांना. बाकीचे लागलेले तसेही लागलेच असते. तुर्कस्तानात सरकारी रोजगार विभागाच्या अभ्यासक्रमांवर हाच प्रयोग झाला. तिथंही फरक छोटाच निघाला, आणि मुलं आणि अधिकारी दोघांचाही आधीचा अंदाज त्याच्या कितीतरी पट होता. फलक लिहिणाऱ्याला मी लबाड म्हणत नाही ते यामुळंच. त्याला मनापासून तसंच वाटत असतं.

मात्र दोन-तीन म्हणजे 'बंद करा' असाही अर्थ काढू नका. एक तर ही सरासरी आहे, आणि सरासरीत चांगली केंद्रं बुडून जातात. दुसरं, कार्ड, क्लुव्ह आणि वेबर या तिघांनी दोनशेहून जास्त अभ्यास तपासले. त्यांना दिसलं की प्रशिक्षणाचा परिणाम पहिल्या वर्षात शून्याच्या आसपास असतो आणि दोन-तीन वर्षांनी वाढतो. बायकांच्या बाबतीत तो जास्त असतो. आपल्याकडं तपासणी तिसऱ्या महिन्यात उरकते, म्हणजे पेरल्यावर पंधरा दिवसांनी कणीस मोजायला जाण्यासारखं.

बायकांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्याकडं शिवणकामाचं केंद्र आहे आणि त्याच्या दारात फलक नाही. का नाही, तर प्लेसमेंट दाखवता येत नाही म्हणून. शिकलेल्या बाईनं घरी मशीन मांडलं, गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको सुरू केलं, लग्नसराईत ब्लाऊज शिवले. ऑफर लेटर नाही, पगारपत्रक नाही, म्हणून कागदावर ती बेकार. अशा बाईला 'काम करता का?' असं विचारलंत तर ती 'नाही, घरीच असते' म्हणेल. 'गेल्या आठवड्यात कुणाचं काही शिवून दिलं का, किती पैसे आले?' असं विचारा. मग वही काढून दाखवेल. मी पाहिलेल्या वह्यांत सगळ्यात नीट हिशोब याच वह्यांत असतात, कुणाकडं किती उधारी हेसुद्धा. दिल्लीत गरीब वस्तीतल्या बायकांच्या सहा महिन्यांच्या शिवणवर्गाचा अभ्यास झालाय. त्यात काम आणि कमाई दोन्ही वाढलेली दिसली, आणि वाढ दीड वर्षानंतरही टिकून होती. पण बायका मधेच गळण्याची कारणं कसली, तर केंद्र लांब आणि लेकरं सांभाळायला कुणी नाही. अभ्यासक्रमात दोष काढत बसण्याआधी अंतर मोजा.

आणि बॅच कधी लावलीय ते बघा. फेब्रुवारी ते एप्रिल शेडावर बेदाणा निवडायला रोजानं बायका लागतात. त्या तीन महिन्यांत 'मोफत' शिवणवर्ग लावला तर ज्या बाईला रोजगाराची खरी गरज आहे ती शेडावर जाणार आणि वर्गात बसणार ती बाई, जिला मजुरी बुडाली तरी चालतं. मोफत प्रशिक्षणाची किंमत असते, ती बुडालेल्या रोजाची असते. मूल्यमापनात ती कुणी धरत नाही.

आता बेकारी कमी होण्याबद्दल. समजा कुपवाडच्या एका कारखान्याला दहा वेल्डर हवेत. केंद्र नव्हतं तेव्हा त्यानं कुठूनतरी दहा घेतलेच असते, दोन महिने हाताखाली ठेवून शिकवले असते. आता केंद्रातले दहा घेतले. केंद्राचे दहा लागले हे खरं, पण जिल्ह्यात नोकऱ्या दहाच आहेत. दुसऱ्या गावातली दहा पोरं मागं सरकली, ती कुठल्याच यादीत नाहीत. फ्रान्समध्ये बेकार पदवीधरांना नोकरी शोधायला मदत देणारी योजना २३५ भागांत सोडतीनं वाटून तपासली, तर काही ठिकाणी अगदी असंच झालेलं दिसलं. मदत मिळालेले पुढं गेले, त्याच भागातले मदत न मिळालेले तेवढेच मागं पडले. प्रशिक्षणानं नोकऱ्या तयार होतात त्या तेव्हाच, जेव्हा माणूस मिळत नाही म्हणून काम अडलेलं असतं. मिरजेच्या दवाखान्यांना शिकलेला ओटी असिस्टंट, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस, मिळत नाही, अशा जागी. म्हणून केंद्र काढण्याआधी दहा मालकांना विचारावं की कोणत्या कामाला माणूस मिळत नाही म्हणून ऑर्डर सोडावी लागली. आपल्याकडं उलटं असतं. ज्या ट्रेडचं साहित्य स्वस्त, तो ट्रेड गावोगाव.

२०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्याच ग्रामपंचायतीत तिचं एखादं पोरगं बसून गेलं असेल. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. पुढं काय, म्हणून मुलं आंदोलनाला रस्त्यावर उतरली. तिला मी प्रशिक्षण म्हणणार नाही. मदत म्हणून ती वाईट नव्हती. पण झेरॉक्स काढणं आणि दाखले टाइप करणं यातून कुठल्या मालकाला विकता येईल असं काय शिकलं, हा प्रश्न त्या पोरालाच विचारून बघा.

ग्रामपंचायतीला काय जमेल ते सांगतो, आणि काय जमणार नाही तेही. दोन-तीन टक्क्यांचा फरक गावात पकडता येत नाही. त्याला दोन्ही याद्यांत प्रत्येकी चार हजारांवर नावं लागतील. वीस टक्क्यांचा फरक असेल तर शंभर-शंभर नावांत तो दिसू लागतो. म्हणजे चार-पाच गावांनी मिळून दोन वर्षांच्या बॅचेस एकत्र केल्या तर मोठा चमत्कार किंवा मोठी फसवणूक, दोन्ही सापडेल. त्यामधलं काही सापडणार नाही, आणि सापडल्याचा आव आणू नका.

यादी प्रमाणपत्रवाल्यांची नको, पहिल्या दिवशी नाव घातलेल्या सगळ्यांची घ्या. फोन केंद्राच्या माणसानं करायचा नाही. अंगणवाडी सेविकेवर ढकलू नका, तिला आधीच कामं कमी नाहीत. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली बसवा. 'नोकरी आहे का?' हा प्रश्न विचारूच नका, त्याला लोक लाजेनं 'हो' म्हणतात. सरकारी पाहणीतसुद्धा आठवड्यात एक तास काम केलेला माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारवाला धरला जातो, तेव्हा 'हो' या शब्दाला फारसा अर्थ नाही. कालपासून मागं सात दिवस विचारत जा: काल काय केलं, परवा काय केलं. मग गेल्या महिन्यात हातात आलेले पैसे, आणि राहण्या-खाण्याचे वजा करून उरलेले. कंपनीत असेल तर त्याच्या मर्जीनं सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून दाखवायला सांगा. कुठल्या मालकानं किती महिने पैसे भरले ते तिथं महिन्यावार दिसतं. ऑफर लेटर कुणीही छापतो, पीएफचा हप्ता कुणी हौसेनं भरत नाही. फोन दोन वेळा करा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही याद्यांना त्याच आठवड्यात. रात्री साडेआठनंतर लावा, शिफ्टवरून आलेली पोरं तेव्हाच सापडतात.

राहिली दुसरी यादी, जागा न मिळालेल्यांची. ती केंद्राकडं मागायला गेलात तर सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नाही असं सांगतील, आणि ते खरंही असेल. तुमच्या वेल्डिंगच्या केंद्राची पुढची नोंदणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी ग्रामपंचायतीचा एक माणूस वही घेऊन दारात बसवा. येईल त्याचं नाव, घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर आणि गेल्या महिन्याची कमाई लिहून घ्या. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर केंद्रवाल्यांना सोडतीची गळ घाला. नाही ऐकलं तरी वही तुमच्याकडं राहील, आणि वर्षानं फोन लावायला तीच लागणार आहे.